माशाच्या पोटात काय होतं

पनवेलच्या मासळीबाजारात मी ज्या मावशींकडून मासे घेतो, त्या मासा साफ करताना आतडं तसंच फेकत नाहीत. गिऱ्हाईक कितीही घाईत असो, सुरीच्या टोकानं ते उघडून बघतात, "यानी जवला खाल्लाय," असं स्वतःशीच म्हणतात आणि मगच बादलीत टाकतात.

ही खोड मुलीनं लावलेली. लहानपणी शाळा सुटली की ती आईच्या पाटीमागे येऊन बसायची आणि प्रत्येक माशानं काय खाल्लं ते विचारायची. उत्तर मिळेपर्यंत उठायची नाही. आता ती संशोधनासाठी पाणबुडीत बसून खोल समुद्राच्या तळाशी जाते, पेपरात तिचे फोटो येतात. मावशी त्याची फुशारकी मारत नाहीत. फार घासाघीस करणाऱ्याला एवढंच सुनावतात, "मासली मना नको शिकवू."

गेल्या रविवारी त्यांच्या पाटीत एक काळाकुट्ट, चपटा, मोठ्या तोंडाचा मासा दिसला. मी भाव विचारला.

"यो इकाचा नाय. पोरीला दावाचाय."

त्यांनी तिथूनच मुलीला व्हिडिओ कॉल लावला. तिनं मासा बराच वेळ निरखला.

"आये, यो मना पन नाय ठाव," ती म्हणाली. "पोट फाडून बघ ना, काय खाल्लाय त्यानी?"

मावशींनी हात पुसले, पदर खोचला आणि सुरी उचलली.

"मावशी, माझे बांगडे राहिलेत," मी आठवण करून दिली.

"थांबा जरा, भाऊ," मान वर न करता त्या म्हणाल्या. "आमचा सायंटिस लोकांचा काम चाललाय."