मिलोचं वजन

"वजन खाली आणि पोट वर. हे कुठलं गणित आहे, सांग मला."

अक्कासाहेब ओरडत होत्या आणि मी तराजूच्या पारड्यात बसले होते. पारडं म्हणजे चार साखळ्यांना टांगलेली लाकडी फळी. एरवी तिच्यावर तुरीची पोती चढायची. समोरच्या पारड्यात लोखंडी मापं. अक्कासाहेबांच्या घरचं भुसार गोदाम, गुरुवारची सकाळ, आणि बघायला आठ हमाल. आठच होते. पण त्या दिवशी मला ते आठशे दिसले, आणि मी आजवर सगळ्यांना आठशेच सांगत आलेय.

"दिवाणजी, पुन्हा बघा."

दिवाणजींनी मापं उचलून पुन्हा ठेवली. "एकतीस किलो, अक्कासाहेब. दिवाळीत चौतीस होती."

एक हमाल म्हणाला, "पासंगाला बरी हाय की." पासंग म्हणजे पारडं समतोल करायला बांधतात तो दगडाचा तुकडा. सगळे हसले. माझ्यामागं रांगेत उभ्या असलेल्या वसतिगृहाच्या पोरीही हसल्या. त्यांनाही पुढं त्याच फळीवर बसायचं होतं, म्हणून जरा जोरात हसल्या.

मग अक्कासाहेब जवळ आल्या. परकराच्या नाडीवर ताणलेल्या माझ्या पोटाकडं बघितलं. आवाज खाली आणला, पण गोदामात आवाज खाली राहत नाही.

"कुणाचं आहे?"

मला कळलंच नाही. मला वाटलं, त्या मापाबद्दल विचारतायत. मी म्हणाले, "गोदामाचं."

हमाल पोत्यांवर पडून हसले. मी सोळा वर्षांची होते.

ते दुष्काळाचं साल. बहात्तरच्या जूनमध्ये मी मंद्रूपकडच्या आमच्या गावाहून सोलापूरला आले होते. बाप लवकर गेलेला. आई दुसऱ्याच्या रानात खुरपायची, आणि रानात काही उगवेना तेव्हा दुष्काळी कामावर खडी फोडायला लागली. गावच्या शाळेत मी पहिली येत असे. पहिली म्हणजे अशी, की गुरुजी गैरहजर असले तर वर्ग मीच घ्यायची आणि गुरुजींपेक्षा जास्त मारायची. त्याच गुरुजींनी अर्ज लिहून दिला आणि अक्कासाहेबांच्या वसतिगृहात मला फुकट जागा मिळाली. राहणं फुकट, जेवण फुकट, मॅट्रिकपर्यंत शिक्षण फुकट. नियम एकच वेगळा होता. तिथं भाकरी नव्हती.

"भाकरी ही गावाकडची खोड," अक्कासाहेब पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या. "तुमच्यात गहू कधी पोटभर बघितला नसेल. इथं दोन्ही वेळा पोळी खायची. पोरींनी अंग धरलं पाहिजे."

'तुमच्यात' हा शब्द त्या असा म्हणायच्या, की त्यात आमचं गाव, गल्ली, आई, आईची आई आणि गोठा, सगळं मावायचं.

आणि अंग धरलं की नाही ते कळावं म्हणून दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी काटा. गोदामात रांगेनं जायचं, फळीवर बसायचं, दिवाणजींनी आकडा सांगायचा. संध्याकाळी तो आकडा वसतिगृहाच्या दारातल्या फळ्यावर प्रत्येकीच्या नावापुढं खडूनं चढायचा. पाहुणे आले की अक्कासाहेब त्यांना आधी तो फळा दाखवायच्या. पहिल्या येणाऱ्या पोरींचे मार्क त्या फळ्यावर कधी लिहिले नाहीत. मांस लिहिलं.

पोळी मला आवडायची, हे लपवत नाही. आमच्याकडं पोळी होळीला आणि लग्नात. इथं रोज. पहिला आठवडा मी अशी जेवले की वाढणारणीचा हात दुखला. दुसऱ्या आठवड्यात पोट बोलायला लागलं. सोलापुरात गिरणीचा भोंगा सगळं शहर उठवतो म्हणतात. आमचं वसतिगृह भोंग्याच्या आधी माझ्या पोटानं उठायचं. संडासाच्या वाटेवर माझ्या पावलांनी फरशी झिजली. पोरींनी माझं नाव तांब्याबाई ठेवलं, कारण हातात पुस्तकापेक्षा तांब्या जास्त वेळ असायचा. खाल्लेलं ओकायची. हात-पाय काडीसारखे झाले आणि पोट मात्र घागर. तोंड आलं की महिना-महिना जायचं नाही. वर्गात उभं राहिलं की डोळ्यांपुढं अंधार. पाळी चार महिने आली नव्हती.

म्हणजे अक्कासाहेबांच्या गणितात सगळे आकडे बसत होते.

गोदामातून आणलं आणि रेक्टरबाईंनी सुईणीला बोलावलं. मागच्या गल्लीतली म्हातारी होती. खोलीच्या दाराबाहेर सगळं वसतिगृह उभं. म्हातारीनं परकरावरनंच पोटावर हात ठेवला, बोटानं वाजवलं, कान लावला.

"ह्यात वारा हाय," ती म्हणाली. "पोर न्हाय."

तिनं चहासुद्धा घेतला नाही. जाता जाता रेक्टरबाईंना म्हणाली, "पोरीला काय तरी बाधतंय. खायला काय घालता?"

"चांगलं गव्हाचं घालतो," रेक्टरबाई म्हणाल्या. गव्हाला वाईट कोण म्हणेल?

कुणी मला 'चुकलं' म्हणालं नाही. दारातली गर्दी हिरमुसून गेली. चार दिवस पुरेल असं काहीतरी घडेल म्हणून आल्या होत्या, आणि निघाला वारा.

अक्कासाहेबांनी मात्र उपाय काढला. इथं मला त्यांचा खरा राग येतो, कारण तो उपाय त्यांनी मनापासून काढला. त्या म्हणाल्या, हिला कमी पडतंय. दोन पोळ्यांच्या जागी चार. गुरुवारी त्यांच्या घरून हुग्गी यायची, खपली गहू कुटून गुळात शिजवलेली खीर, वर तुपाची धार. ती माझ्यापुढं पातेल्यासकट. मला पंगतीत पहिल्या पाटावर बसवलं, भिंतीकडं नाही, दाराकडं तोंड करून, म्हणजे ताट दिसावं. ताटात काही टाकायचं नाही. रेक्टरबाई समोर उभ्या.

"इतकं खाते आणि जातं कुठं?" पोरी कुजबुजायच्या. कुणी म्हणे मी मुद्दाम ओकते. कुणी म्हणे पोळ्या फडक्यात बांधून गावी पाठवते. मंद्रूप काय शेजारच्या खोलीत होतं?

मी एकदा रेक्टरबाईंना म्हणाले, "बाई, मला थोडी भाकरी चालंल."

"उद्या म्हणशील, माळ्यावर गोवऱ्या थापते," त्या म्हणाल्या. "नियम आहे."

खाल्लं तर पोट. नाही खाल्लं तर बाहेर. बाहेर म्हणजे खडी, मग लग्न, मग दुसऱ्याचं रान. मी खात होते. मिटल्या डोळ्यांनी, पाण्याच्या घोटाबरोबर, घास-घास खात होते. उन्हाळ्याच्या सुट्टीत निघाले तेव्हा एकोणतीस किलो होते. वारा आला असता तर थेट अक्कलकोटला जाऊन पडले असते. अक्कासाहेबांनी निरोप दिला, "जूनमध्ये येशील तेव्हा दोन किलो वाढलेली पाहिजेस. नाहीतर जागा दुसरीला. दुष्काळात रांग लागलीय."

गावी आले. आईनं मला बघितलं आणि पाटी खाली ठेवली. "बोर्डिंगात जेवायला घालत्यात ना?" एवढंच विचारलं.

घरात मिलो होता. रेशनवर मिळायची ती परदेशची तांबडी ज्वारी. लोक म्हणायचे, तिकडं डुकरांना घालतात. भाकरी थापताना तुटायची, घशात खरखरायची, चव अशी की गाईनंसुद्धा आधी वास घेऊन विचार करावा. मी आईबरोबर कामावर जायची. उन्हात खडी, आणि दुपारी मिलोची भाकरी, वर चटणी.

आठ दिवसांत पोट गप्प झालं. पंधरा दिवसांत मी रात्रभर झोपले. महिन्यात माझे गाल आले. सगळ्या गावाचं मांस उतरत होतं, माणसं बांधावरच्या बाभळीसारखी झाली होती, आणि मी एकटी टरारत होते. मुकादम आईला म्हणाला, "तुझ्या पोरीला चोरून काय घालतीस गं?" आईला हसावं की रडावं कळेना.

मग कामावर सुकडी आली. गव्हाच्या पिठाची, गुळाची, पोरांना आणि मजुरांना वाटायची. आईनं स्वतःच्या वाट्याची मला दिली. मी दोन दिवस चवीनं खाल्ली. तिसऱ्या दिवशी खडीच्या ढिगामागं पळत होते आणि पोट पुन्हा घागर.

आई ढिगाच्या अलीकडं उभी होती. तिथनंच म्हणाली, "ल्हानपणी बी असंच व्हायचं. लग्नात पोळी खाल्लीस की आठ दिस पडायचीस. आमाला वाटायचं नजर लागतीया. मीठ-मिरच्या किती उतरवल्या."

मी ढिगामागं तशीच बसून राहिले. सोळा वर्षं माझी आई माझ्यावरनं नजर उतरवत होती आणि ती नजर गव्हाची होती.

त्या दुखण्याला नाव आहे, हे मला पुढं केस पांढरे झाल्यावर एका डॉक्टरांनी सांगितलं. सिलिअ‍ॅक. गव्हातला चिकटपणा आतड्याला सोसत नाही. ते समजावत होते आणि मी मान डोलवत होते, जणू पहिल्यांदा ऐकतेय. मला ते खडीच्या ढिगामागं आधीच कळलं होतं, फक्त नाव नव्हतं.

सुकडी बंद केली. पोट पुन्हा गप्प. जूनमध्ये निघताना आईनं मिलोच्या पिठाचं गाठोडं बांधून दिलं. "लपवून खा," ती म्हणाली.

पहिला गुरुवार. गोदाम. त्या दिवशी अक्कासाहेबांबरोबर चार पाहुणे होते, पुण्याकडचे, देणगी द्यायच्या विचारातले. हमाल तेच. मी फळीवर बसले. दिवाणजींनी मापं चढवली, मग आणखी चढवली.

"चौतीस," ते म्हणाले. "पाच किलो वाढलीय."

अक्कासाहेबांचा चेहरा उजळला. मला पाहुण्यांकडं वळवलं, पारड्यासकट. "बघा. हीच ती. मेल्यातच जमा होती. तुमच्यात म्हणतात ना, चार दिवसांची सोबती. वर्षभर आम्ही चार-चार पोळ्या घातल्या, घरची हुग्गी घातली. मुरायला वेळ लागतो, पण बघा गव्हाचा गुण."

पाहुण्यांतली एक बाई म्हणाली, "वा."

गप्प बसले असते तर जागा राहिली होती. आकडा फळ्यावर चढला असता. आणि दुपारी चार पोळ्या. मग दिवाळीला एकतीस, संक्रांतीला एकोणतीस, आणि पुन्हा कुणीतरी जवळ येऊन विचारणार, कुणाचं आहे. माझं दुखणं त्यांनी घातलं होतं आणि माझं बरं होणंही त्यांनीच घेतलं होतं. मला वाटलं, आता माझ्याकडं माझं असं उरलं काय.

पाय जमिनीला लागत नव्हते. तशीच म्हणाले, "अक्कासाहेब, ह्ये वजन तुमच्या पोळीचं न्हाय."

"काय?"

"ह्ये मिलोचं हाय. डुकरांना घालत्यात त्या. आईसंगं खडी फोडून खाल्लेल्या भाकरीचं. तुमच्या पोळीनं मी आजारी पडते. त्या दिवशी माझ्या पोटात जो वारा निघाला, तो बी तुमच्याच गव्हाचा होता. आजपासनं मी गहू खाणार न्हाय."

वीस पोरी, आठ हमाल, चार पाहुणे. कुणीच हसलं नाही.

अक्कासाहेब सावकाश म्हणाल्या, "अन्नदात्याच्या दारात अन्नाला नावं ठेवतेस. वळकटी उचल."

"वळकटी बी उचलणार न्हाय," मी म्हणाले. "मॅट्रिक होऊन जाणार."

फळीवरनं उडी मारली. समोरचं पारडं मापांसकट धाडकन जमिनीवर बसलं, दिवाणजी मागं उडाले. पुढं मी ही गोष्ट सांगताना त्यांना तुरीच्या पोत्यात पाडते. खरं तर ते नुसते मागं सरकले.

वसतिगृहावर येऊन मागच्या अंगणात तीन दगड मांडले. स्वयंपाक करणारी नरसव्वा, तेलुगू बोलणारी, विणकरांच्या घरची, कामाशिवाय एक शब्द न बोलणारी. तिनं मला बघितलं आणि एक जुना तवा आणून ठेवला. रेक्टरबाई दोनदा येऊन नियम सांगून गेल्या. मी भाकरी थापत होते. मला उचलून नेणारा माणूस अजून आला नव्हता, आणि आला तरी मला कळून चुकलं होतं की ह्यापुढं माझ्या ताटात काय पडायचं हे मी ठरवणार. तुमचा गहू, तुमचं तूप, तुमचा उपकार, तुमच्या पोटात राहू दे. शाळा मात्र मी सोडणार नाही. दारातून हाकललं तर दारात बसेन. दारातून उठवलं तर रस्त्यावर दिव्याखाली बसेन. पण घास मोजून कुणाच्या पारड्यात पुन्हा बसणार नाही.

पुढच्या गुरुवारी अक्कासाहेब स्वतः आल्या. मी मागच्या अंगणात होते, भिंतीआड. त्यांचा आवाज ऐकू आला, स्वयंपाकघराच्या दारातून.

"गेली का ती?"

नरसव्वानं परातीतलं पीठ मळणं थांबवलं नाही.

"न्हाई," ती म्हणाली. "जेवतीय."