टाळी न वाजवणारा दादा

वहिनीचा फोन आला तेव्हा मी हॅमिल्टनला ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडी लावत होते. "तुझा दादा गेला गं," एवढंच ती म्हणाली. पेनरोजच्या कारखान्यात, सकाळच्या चहाच्या सुट्टीत, खुर्चीत बसल्या बसल्या. मी गाडी तशीच वळवून ऑकलंडचा रस्ता धरला आणि सवयीनं मनात कामं लावायला लागले : पुण्याला काकांना कळवायचं, अंत्यसंस्काराचा हॉल, आलेल्यांचं जेवण... यादी असली की मला पुढचं दिसतं. दादाच्या हिल्सबरोच्या घरी पोचले तर वहिनी दारातच उभी होती. म्हणाली, "पुण्याचं मी बघते. तू आधी टेबलवाल्यांना सांग."

टेबलवाले म्हणजे बास्केटबॉलच्या मैदानाकडेला, लांब टेबलामागे बसणारी माणसं. कोणी गुण लिहितं, कोणी खेळाचं घड्याळ सांभाळतं. माझा दादा, नंदकुमार, चोवीस सेकंदांचं घड्याळ सांभाळायचा. चेंडू हातात आला की संघाला चोवीस सेकंदांत बास्केटकडे फेकावा लागतो, त्याचं ते घड्याळ. आणि हे काम तो गल्लीतल्या सामन्यांना नव्हे, न्यूझीलंडच्या राष्ट्रीय पुरुष संघाच्या घरच्या सामन्यांना करायचा. पुण्यात कॉलेजच्या सिमेंटच्या कोर्टवर तो खेळला होता, पण उंचीनं दगा दिला. "उभं राहून जमलं नाही, बसून जमलं," असं तो स्वतःच सांगायचा. इथे आल्यावर मुलगी, सई, शाळेत खेळायला लागली. पालकांपैकी कोणीतरी टेबलावर बसा म्हणून शाळेनं विचारलं आणि हा बसला तो बसलाच. नियम शिकला, परीक्षा दिल्या, एकेक पायरी चढत राष्ट्रीय संघाच्या टेबलापर्यंत गेला.

रग्बीशिवाय ज्या देशाला दुसरं काही दिसत नाही, त्या देशातला हा बास्केटबॉलचा संघ. इन मीन पन्नास लाखांची वस्ती, समोर दहापट, वीसपट मोठे देश, आणि तरी एकदा जगातल्या पहिल्या चारांत जाऊन आलेला. दादाला त्याचा असा अभिमान होता की जणू चेंडू त्यानंच टाकला होता. सामन्याआधी खेळाडू हाका, म्हणजे माओरींचं युद्धनृत्य, करतात. मांड्यांवर थापा, जमिनीवर पाय, सगळं सभागृह शहारतं. आणि त्याच्यापासून चार पावलांवर बसलेला दादा, चेहरा पोस्टाच्या खिडकीतल्या माणसासारखा. टेबलवाल्यांनी कोणाचीच बाजू घ्यायची नसते. टाळी नाही, हसू नाही, चुकचुकणंही नाही. "काटा अंगावर येऊ द्यायचा," तो म्हणायचा, "तोंडावर नाही."

ज्यावरून घरात बिनसलं, तो सामना मी प्रेक्षकांत बसून पाहिला. शेजारी वहिनी, पलीकडे सई, तेव्हा शाळेच्या शेवटच्या वर्षात. जिंकलो तर पुढची मोठी स्पर्धा, हरलो तर घरी. शेवटचं मिनिट, आपण एका गुणानं मागे. आपल्या खेळाडूनं चेंडू फेकला, तो रिंगला न लागताच खाली आला आणि पुन्हा आपल्याच हातात पडला. चेंडू रिंगला लागला नसेल तर चोवीस सेकंदांचं घड्याळ चालूच ठेवायचं असतं. पण दादानं ते नव्यानं सुरू करायचं बटण दाबलं. घड्याळावर नवे सेकंद उजळले, आपल्याला फुकटची सवड मिळाली. कोणाच्याच लक्षात आलं नाही, पंचांच्याही नाही. मग मला दिसलं की दादा शेजारच्या हेमीकडे झुकून काही बोलतोय. हेमी म्हणजे खेळाचं घड्याळ सांभाळणारा, दिवसा बस चालवणारा त्याचा माओरी मित्र. हेमीनं पंचांना खूण केली. शिट्टी वाजली, आणि शिट्टीच्या पाठोपाठ आपल्या खेळाडूचा चेंडू जाळीतून अलगद खाली आला. ते गुण धरले गेले नाहीत. घड्याळ मागे घेतलं, उरलेल्या सेकंदांत घाईघाईत फेकलेला चेंडू बाहेर गेला. आपण एका गुणानं हरलो.

गाडीत सई मागे बसली होती. "नो वन सॉ इट, बाबा. लिटरली नो वन."

"मी पाहिलं ना."

"यू कॉस्ट अस द गेम."

दादानं समोरच्या सिग्नलला गाडी थांबवली. मग म्हणाला, "बोट माझं होतं, बाळा. पण त्या क्षणी ते टेबलाचं राहिलं नाही, आपल्या टीमचं झालं."

"सो? वी आर द टीम," सई म्हणाली, आणि कानांत इअरफोन घातले.

त्यानंतर घरात बास्केटबॉल हा शब्द बंद झाला. जी मुलगी त्याच्याकडे बोट दाखवून मैत्रिणींना "दॅट्स माय डॅड" म्हणायची, ती त्याच्याबरोबर सामना पाहीनाशी झाली. आपली चूक दादानं स्वतःच बास्केटबॉल असोसिएशनला लिहून कळवली होती आणि आता पुन्हा बोलावणं येणार नाही, असं धरून चालला होता. शनिवारी लहान मुलांच्या सामन्यांना मात्र जायचा. मी व्यवहारी बाई. म्हटलं, "सोड आता. तिकीट काढ, सईला घेऊन वर बस आणि काय ओरडायचं ते ओरड." तर म्हणाला, "ओरडणारे हजारो आहेत गं. गप्प बसणारे चार-पाचच लागतात, तेच मिळत नाहीत."

बोलावणं आलं, ते हेमी घेऊन आला. स्वयंपाकघरात पोह्यांची बशी हातात घेऊन त्यानं सांगितलं, की पुढच्या सामन्यासाठी येणाऱ्या परदेशी संघाच्या मॅनेजरनं त्या रात्रीची गोष्ट ऐकली होती आणि तेच टेबल असेल ना, असं मुद्दाम विचारून घेतलं होतं. "तुझ्या चुकीनं आपली इज्जत वाढली, मेट," हेमी त्याच्या इंग्रजीत म्हणाला आणि पोहे पुन्हा मागितले. सई ओट्याशी उभी होती. तिनं सगळं ऐकलं. सामन्याच्या दिवशी दादाचा टेबलाचा शर्ट इस्त्री होऊन त्याच्या खोलीच्या दाराला टांगलेला होता. कोणी केला, हे कोणी विचारलं नाही. गाडी सईनं चालवली.

अंत्यसंस्काराला टेबलवाले आपापल्या शर्टांत आले आणि एका रांगेत, हात मांडीवर ठेवून बसले. आमची मंडळी रडत होती. त्यांच्यातलं कोणी रडलं नाही. बाहेर आल्यावर मात्र हेमीनं माओरी रिवाजाप्रमाणे वहिनीच्या कपाळाला कपाळ, नाकाला नाक टेकवलं आणि तसाच उभा राहिला... मग त्याला धरून गाडीपर्यंत न्यावं लागलं.

गेल्या आठवड्यात राष्ट्रीय संघाचा घरचा सामना होता. तिकिटं सईनंच काढली, तिघींची. दादाच्या खुर्चीत एक तरुण मुलगी बसली होती, केस घट्ट बांधलेले, ओळखीची नव्हती. हाका झाली, सगळे उठून ओरडले. तिच्या चेहऱ्यावरची रेष हलली नाही. सईचं चेंडूकडे लक्षच नव्हतं, ती त्या मुलीचा हात बघत होती. पहिला भाग संपला, खेळाडू बाकांकडे गेले, लोक चिप्स आणायला उठले. त्या मुलीनं हात बटणावरून काढून पाण्याची बाटली उचलली.

"शी इज गुड," सई म्हणाली. मग उभी राहिली आणि टेबलाकडे तोंड करून टाळ्या वाजवायला लागली. पुढच्या रांगेतला एक माणूस गोंधळून मैदानाकडे बघायला लागला, आता कोणी काय केलं म्हणून. वहिनी उठली. पर्स खाली ठेवून मीही उठले.