प्रमोदिनीबाईंचं बुटकं स्टूल

मंगळवारी सकाळी प्रमोदिनीबाई पियानोवर बसल्या आणि त्यांचा उजवा हात चुकला. एकदा नाही, चांगल्या सात वेळा! डोळे मिटून वाजवावी अशी चाळीस वर्षांच्या ओळखीची गत, आणि करंगळी आपली शेजारच्या पट्टीवर जाऊन पडतेय. मनगट जड, खांदे वर चढलेले.

आता माणूस चुकतो, त्यात काय एवढं? पण बाईंची आई, सुशीलाबाई, एकोणसाठाव्या वर्षी अशीच चुकायला लागली होती. आधी ब्लाउजचं बटण लागेना, मग कप सुटायला लागले, मग हात थरथरू लागला आणि तीन वर्षांत लेकीला तिला चमच्यानं भरवावं लागलं. बाईंना गेल्याच महिन्यात एकोणसाठावं लागलं होतं.

आणि रविवारी नव्या रायपुरात कार्यक्रम होता. जन्मभर बाईंनी दुसऱ्यांच्या गाण्यांना साथ केली. तिथं छत्तीसगडची राजधानी झाली, नवं सभागृह झालं, तेव्हा कुठं कुणाला त्यांना एकटीला बसवायचं सुचलं. हात असा असेल तर जायचं कसं?

बाईंचे वडील मारोतराव वर्ध्याकडचे, इथं रायपुरात रेल्वेच्या कारखान्यात सुतार. पोरगी जमिनीवर बसून पेटी शिकलेली. रेल्वेच्या क्लबातल्या पियानोसमोर तिला उंच स्टुलावर बसवलं, की खांदे कानाला लागायचे. शिकवणाऱ्या मॅडम ओरडायच्या. पियानोवाले या बाबतीत भलते हट्टी. कुणाला उंच बसून वरून हात टाकायचा असतो, कुणाला खाली बसून. मारोतराव एक दिवस नुसते बघत बसले आणि घरी येऊन त्यांनी साडेपंधरा इंचांचं स्टूल केलं. त्याच मापाची एक काठीही कापून दिली. "पोरी, जिथं वाजवशील तिथं ही काठी लावून पाह्यजो. एक सूत वर नाही, एक सूत खाली नाही." भिलाई म्हणू नका, बिलासपूर म्हणू नका, बाई स्टूल घेऊन गेल्या. लोक हसले तर हसले.

त्या स्टुलावर शंका घ्यायचं बाईंच्या मनातही आलं नाही. बाबांचं माप चुकत नसतं. चुकला तो हातच! बुधवारी जास्त चुकलं, गुरुवारी त्याहून. खिडकीशी उभं राहून त्यांनी सुईत दोरा ओवून पाहिला. चौथ्या खेपेला गेला, आणि त्या जास्तच घाबरल्या. नवरा श्यामकांतरावांनी विचारलं, "काय होऊन राहिलं तुले?" तर म्हणाल्या, "काही नाही, गर्मी आहे." हात मात्र पदराखाली.

शुक्रवारी नव्या रायपुरातून फोन आला. "दीदी, बेंच कितना ऊँचा रखवाएँ?"

'मी येत नाही' हे शब्द अगदी जिभेवर होते. पण जन्माची सवय हो! तोंडातून निघालं, "एक मिनट, भैया." त्यांनी काठी आणली, स्टुलाच्या गादीची जमिनीपर्यंत लोंबणारी झालर वर केली आणि काठी उभी लावली.

काठी अपुरी पडली. चांगला अर्धा इंच.

बाई खाली वाकल्या. चारही पायांना काळी रबराची टोपणं!

फोन तसाच ठेवून त्या ओरडल्या, "अहो! इकडे या आधी! हे काहून लावलं तुम्ही?"

चौबे कॉलनीतल्या त्या घरात श्यामकांतरावांवर एवढा आवाज कधी चढला नसेल. ते दारातच थबकले. "सोमवारी उठतानी स्टूल सरकलं तुझ्या खालून. तू पडता पडता वाचली. मले भेव वाटला ना! सदर बाजारातून आणली टोपणं."

"मले सांगायचं नाही?"

"तू बापाच्या स्टुलाले हात लावू देतेस काय?"

"चार दिवस मी मरून राहिली होती इथं! आईसारखा हात गेला म्हणून!" बाई ढसाढसा रडायला लागल्या. श्यामकांतरावांचा चेहरा उतरला. त्यांनी सुरीनं चारही टोपणं काढली.

बाई बसल्या. खांदे खाली आले. करंगळी बरोबर जागेवर पडली, पुन्हा पडली, तिसऱ्यांदाही. "माझाच हात आहे हो," त्या म्हणाल्या.

मग त्या उठायला गेल्या आणि उठता येईना. पियानोची कड धरून अर्ध्या वर झाल्या, पुन्हा खाली बसल्या. गुडघे कधीचेच असे झालेत, हे त्यांना त्या दिवशी कळलं. नवऱ्याला मात्र आधीच दिसलं होतं. बाई पुन्हा घाबरल्या, आणि या खेपेला लपवायला पदर पुरणार नव्हता.

रविवारी सभागृहातला उंच बेंच बाजूला झाला, बुटकं स्टूल आलं, काठी लागली. बाईंनी एकही पट्टी चुकवली नाही. टाळ्या सुरू झाल्या, तरी त्या बसूनच राहिल्या. लोकांना वाटलं, गहिवरल्या. बाईंनी पहिल्या रांगेकडे पाहिलं. श्यामकांतराव केव्हाच उठून पायऱ्या चढत होते. भरल्या सभागृहासमोर त्यांनी हात पुढे केला. बाईंनी तो उजव्या हातानं घट्ट धरला.