पिठावरचा पंजा

इतिहासाच्या सरांचा कशावरच चटकन विश्वास बसत नसे. दूधवाला हसून बोलला की ते दूध दोनदा ढवळून बघायचे, आणि वर्गात कुणाला पैकीच्या पैकी मिळाले की त्या पोराच्या शेजारी कोण बसतं ते आधी तपासायचे. पोरांनी त्यांचं नाव ‘भिंग’ ठेवलं होतं. सरांना ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर मनातून आवडतही होतं.

आता अशा माणसालाच मुलांकडून गोष्टी लिहून घ्यायला सांगावं? पण मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, सांगितलं खरं. पुस्तकात जुन्या दुष्काळावर दीड पान होतं. साल, पावसाचे आकडे, मेलेल्या गुरांचे आकडे, संपलं. “पोरं आकडे पाठ करतात आणि परीक्षा झाली की झटकून टाकतात,” बाई म्हणाल्या. “प्रत्येकाला त्या दुष्काळातलं एक घर कल्पून गोष्ट लिहू दे. मग राहील डोक्यात.” सरांनी मान डोलावली, पण इतिहासात एकदा कल्पना शिरली की खरंखोटं निवडत कोण बसणार, हे काही त्यांच्या मनातून जाईना.

तरी अंगावर आलेलं काम चोख करायची सवय. दोन आठवडे त्यांनी दुष्काळ शिकवला. आटलेल्या विहिरी, बंद पडलेले बाजार, दोन वेळच्या पिठासाठी खडी फोडायला गेलेली माणसं. आणि दरवर्षीची युक्तीही केली. प्रत्येक तुकडीला शिकवताना ते एक धादांत खोटी गोष्ट सांगायचे. ‘अ’ला सांगितलं, रिकाम्या घरांच्या दारांना काळी चिंधी बांधत. ‘ब’ला सांगितलं, विहिरीवर घंटा टांगलेली असे. मग चिंधी ‘ब’च्या वहीत सापडली की चोर हातात. शिवाय पुस्तकात काय आहे, आपण काय बोललो, ग्रंथालयात काय सापडू शकतं, याची त्यांच्याकडे लेखी यादी असे. यादीबाहेरचं काही आलं म्हणजे ते कुठून तरी ढापलेलंच. सव्वीस वर्षांत ही यादी कधी चुकली नव्हती, निदान सरांचं म्हणणं तसं होतं.

‘ब’ तुकडीत तिसऱ्या बाकावर लाँड्रीवालीची मुलगी बसायची. सरांच्याच इमारतीखाली तिच्या आईचं दुकान होतं, आणि इस्त्रीचे कपडे घरोघर पोचवायचं काम मुलीकडे. बोलायला लाजरी. निबंधात दहाव्या ओळीला तिची शाई संपायची. त्या मुलीनं आठ पानं लिहून आणली.

तिच्या गोष्टीतली आई रोज पीठ काढून झालं की डब्यातलं उरलेलं पीठ सपाट करायची आणि त्यावर आपला पंजा दाबायची. करंगळी वाकडी असलेला पंजा. मुलांना वाटायचं, आई आपल्यावर चोरीचा आळ घेते. एका सकाळी ठसा बुजलेला निघाला. आईनं मुलांना ओळीत उभं केलं, एकेकाचं तोंड उघडून बघितलं. कुणाच्याच जिभेवर पीठ नव्हतं. मग तिनं डब्यात नीट पाहिलं, तर पीठ कमी झालेलं नव्हतं, वाढलं होतं. बाप खडी फोडायला जाताना आपल्या वाट्याचं मूठभर पीठ फडक्यात बांधून न्यायचा, तिकडेच शिजवून खातो म्हणायचा. ते तो गुपचूप परत डब्यात ओतत होता. पुढच्या पावसाच्या आधी बाप गेला. ‘शेजाऱ्यांना तापानं गेला असं सांगितलं,’ इथं गोष्ट संपत होती.

शेवटचं पान सरांनी दोनदा वाचलं. आणि दोनदा वाचावंसं वाटलं म्हणूनच त्यांना संशय आला. तेरा वर्षांची मुलगी असं लिहीलच कशी? त्यांनी यादी काढली. पंजा यादीत नव्हता. वाढलेलं पीठ नव्हतं. त्यांनी ग्रंथालयातली चार कपाटं पालथी घातली, धूळ खाऊन शिंका आल्या, हाती काही लागलं नाही. त्यामुळे तर खात्रीच पटली की चोरी मोठी सफाईदार आहे.

त्यांनी मुलीला शिक्षकांच्या खोलीत बोलावलं.

“हे कुठून घेतलंस?”

“मीच लिहिलं, सर.”

“लिहिलंस तू, ते दिसतंय अक्षरावरून. तुला सांगितलं कुणी?”

मुलगी फरशीकडे बघत राहिली. “ते नाही सांगता येणार.”

“का?”

“शब्द दिलाय.”

सरांनी चष्मा काढून पुसला. शब्द दिलाय म्हणे. सव्वीस वर्षांत बहाणे ऐकून कान किटले होते, पण हा नवा होता. “नक्कल सिद्ध झाली तर फीमाफी जाते, माहीत आहे ना?” मुलीनं मान हलवली. फीमाफी गेली तर शाळा सुटणार आणि आपण दुकानात आईच्या शेजारी इस्त्री धरून उभं राहणार, हे तिला सरांपेक्षा जास्त ठाऊक होतं. तरी तिनं नाव सांगितलं नाही. सरांनी गुरुवारी दुपारी मोठ्या बाईंच्या हातात पत्र ठेवलं. “उद्या तिच्या आईला बोलावते,” बाई म्हणाल्या.

संध्याकाळी सर वही घेऊन स्वयंपाकघरात आले. त्यांची बायको पोळपाट पुसत होती. “ऐक, चोरी किती बेमालूम असते बघ,” म्हणत त्यांनी मोठ्यानं वाचायला घेतलं. करंगळीपर्यंत आले आणि बायकोचा हात थांबला. तिनं फळीवरून पिठाचा डबा उतरवला आणि झाकण काढून त्यांच्यापुढे आणला.

आत सपाट पिठावर पंजा उमटलेला होता. करंगळी बाहेरच्या बाजूला वाकडी. सरांच्या आईची.

“एकोणीस वर्षं,” बायको म्हणाली. “लग्न होऊन आले त्या आठवड्यापासून. मला वाटलं, त्यांना माझा भरवसा नाही. मी माहेरी पीठ पोचवते की काय, असं वाटतं त्यांना.”

“मग मला कधी बोलली का नाहीस?”

“तुम्हाला? तुम्ही घरात चौकशी बसवली असती. दोघींचे जबाब घेतले असते.”

ते खोटं नव्हतं. सर मग वही नि पेन घेऊन आईच्या खोलीत गेले. आई खिडकीशी बसून चिंध्यांचे तुकडे जुळवत होती. आधी तिनं पेनाकडे बघितलं, मग मुलाकडे.

“ही गोष्ट तू सांगितलीस तिला?”

“कुठली गोष्ट? मला नाही ठाऊक.” आणि तिनं सुई उचलली.

सरांना एकदम आठवलं. नोकरीच्या पहिल्या वर्षी ते असेच वही घेऊन आईपुढे बसले होते. ती म्हणाली, विहीर आमच्या दारची आधी आटली. ते म्हणाले, साल सांग. तिनं साल सांगितलं. ते म्हणाले, छे, त्या साली तर पाऊस झालाय, पुस्तकात आहे. ती उठून भांडी घासायला गेली, आणि त्यानंतर दुष्काळाचं नाव तिच्या तोंडून त्यांनी ऐकलं नव्हतं. इस्त्रीचे कपडे घेऊन येणाऱ्या पोरीनं साल विचारलं नसणार. नुसतं, मग काय झालं, असं विचारलं असणार.

सकाळी ते शाळा भरायच्या आधी मोठ्या बाईंच्या दारात उभे होते. “माझं पत्र परत द्या. मुलगी खरी आहे.”

बाईंनी चष्म्यावरून बघितलं. “काल चोर होती, आज खरी? सर, ती लाँड्री तुमच्याच इमारतीखाली आहे ना?” आवाजात जे होतं ते सरांनी तत्काळ ओळखलं. ते त्यांचंच होतं. “पुरावा काय?”

“आमच्या पिठाच्या डब्यात आहे. बघायला यायचं तर या.”

बाईंनी पत्र ड्रॉवरमधून काढून दिलं. सरांनी ते ‘ब’ तुकडीसमोर फाडलं आणि म्हणाले, “मी हिच्यावर खोटा आळ घेतला. चूक माझी आहे.” भिंगाच्या तोंडून असं कधी निघालं नव्हतं, त्यामुळे पोरांना हा नवा सापळा वाटला आणि कुणी हललं नाही.

मधल्या सुट्टीत मुलगी धावत आली. चेहरा उतरलेला. “सर, मी नव्हतं सांगितलं. आजींना वाटेल मी सांगितलं.”

“तू नाही सांगितलंस,” सर म्हणाले. “मी सांगेन त्यांना.”

घरी आल्यावर ते आईच्या खाटेपाशी जमिनीवर बसले. आईनं त्यांचे हात बघितले, मग शर्टाचा खिसा.

“पेन कुठाय?”

“बाहेर ठेवलं.”

तिचा विश्वास बसला नाही. तिनं वाकून खिशात बोटं घालून बघितलं. तिच्या आईकडून आलेली वाकडी करंगळी बाहेरच राहिली. बायको दारात येऊन उभी होती. तिनं एकोणीस वर्षं गिळलेला प्रश्न विचारला. “आई, मी काय चोरलं होतं तुमचं?”

“चोरलं?” आई चक्रावून तिच्याकडे बघत राहिली. “अगं, तू सगळ्यांना वाढून शेवटी बसतेस. आपल्या वाट्याचं पीठ डब्यात परत टाकतेस की काय, ते बघत होते मी.”

बायकोनं पदर तोंडाला लावला आणि तिथंच उंबऱ्यावर बसली. सरांना कितीतरी विचारायचं होतं. सगळं गिळून ते म्हणाले, “मग काय झालं, आई?”

आईनं सुई चिंधीत टोचून ठेवली.

“तुझे आजोबा तापानं गेले नाहीत,” ती म्हणाली.