जाड टाइपचं गिऱ्हाईक

छपाई झाली की अक्षरांचे शिशाचे खिळे धुऊन परत आपापल्या घरात जातात. किस्से जात नाहीत. हिंगोलीतल्या माझ्या प्रेसमध्ये ते तसेच साचत गेले. आता पत्रिका मोबाईलवर येतात. माझ्याकडे येतं ते जाड टाइपचं गिऱ्हाईक.

हा टाइप बघावा असा आहे. उभी रेघ दणकट, आडवी बारीक. टोकं बोरूने ओढल्यासारखी तिरपी. चष्मा घरी विसरलेला माणूसही हात लांब करून वाचतो.

*

पुण्याची एक मुलगी आली. कॉम्प्युटरवर अक्षरं बनवते म्हणाली. एकेका खिळ्याचा फोटो काढला, मग विचारलं, "या टाइपचं नाव काय?"

"जाड."

"आणि त्या शेजारच्या लाकडी केसमधल्या खिळ्यांचं?"

"बारीक."

तिने दोन्ही नावं लिहून घेतली.

*

साखऱ्याच्या एका शेतकऱ्याला लग्नपत्रिकेतली सगळीच नावं जाड पाहिजे होती. मी म्हटलं, अशाने मोठा कोण, लहान कोण, कळायचं नाही.

"तेच पाहिजे," तो म्हणाला. "मागच्या लग्नात पत्रिका पाहून दोन जावई रुसून बसले. आजून उठले न्हाई!"

*

एक म्हातारा स्वतःच्या तेरवीची पत्रिका बघायला आला. पोरं जाड टाइपात छापतील, पण तेव्हा मला थोडीच दिसणार, म्हणाला. मी त्याचं नाव जुळवून दिलं. खिळ्यावर अक्षर उलटं असतं. तो वाकून बघत बसला.

"उलटं दिसून राहिलं."

"हे सरळ वाचायला पलीकडं जावं लागतं."

"मग ऱ्हाऊ द्या," म्हातारा म्हणाला. "घाई न्हाई."

*

बाळापूरचे दोघे भाऊ. बांधावरून बोलणं बंद. थोरला आपल्या मुलीच्या लग्नाची पत्रिका छापायला आला. घरच्या वडीलधाऱ्यांची नावं जाड, बाकीची बारीक, ही आमच्याकडची रीत. त्याने बजावलं, भावाचं नाव कुठंच नको.

दुसऱ्या दिवशी मुलगी एकटी आली.

"आजोबा, शाळेत होते तवा मी काकाच्याच घरी राहिले. पत्रिकेत नाव नसलं तर काका मांडवात पाय ठेवायचा न्हाई. त्याच्याबिगर मी बोहल्यावर कशी चढू?"

मी म्हटलं, काम तुझ्या बापाने दिलंय. त्यावर ती म्हणाली, आप्पा चष्मा लावायला लाजतात. "काकाचं नाव खाली बारीक टाका. आप्पाला जाडच तेवढं दिसतं."

माझ्या प्रेसमध्ये चोरून काही छापत नाही, असं तिला सांगितलं. प्रूफ तुझा बाप बघणार. तो हो म्हणाला तरच मशीन चालेल. तिने मान हलवली. मी बारीक खिळे उचलले.

थोरला आला तेव्हा मुलगी त्याच्या मागे उभी होती. त्याने प्रूफ लांब धरलं, जवळ आणलं, मग दारात उजेडाला नेलं. बोट एकेका ओळीवरून खाली सरकत गेलं. मुलीने ओढणीचं टोक मुठीत घट्ट धरलं होतं.

बोट शेवटच्या ओळीवर थांबलं.

"हे बारीक काहून केलं?"

मी मुलीकडे बघितलं.

"त्याचे डोळे माझ्यापरीस खराब हायेत," तो म्हणाला. "त्याला हे दिसणार हाय का? जाड करा."