नाल्याकाठचा चौथा दगड

जलंबच्या फलाटावर त्या दिवशी माझ्याइतका रुबाबदार माणूस दुसरा नव्हता. अंगात नवा सदरा, डोक्याला इतकं तेल की त्यात भजी तळून निघाली असती, आणि पायाशी हिरवी पत्र्याची पेटी. महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली होती, आणि पुण्याच्या ज्या कारखान्यात मला नोकरी लागली होती, तो माझ्यावाचून बंद पडणार, अशी माझी खात्री होती. एकच गोष्ट खुपत होती. फलाटावर झाडून सगळ्यांच्या पेट्यांवर नावं रंगवलेली, माझीच कोरी. आणि माझा बाप कोण? खामगावच्या जिनिंग कारखान्यात कापसाच्या गठाणींवर काळ्या रंगानं मार्का घालणारा! बाबांचं अक्षर मुंबईच्या गोदीतून नुसत्या डोळ्यांनी वाचता येतं, असं जिनातले लोक सांगत. मी त्यात विलायतेची भर घालायचो.

"बाबा, दोन फराटे मारले असते तं काय झालं असतं?"

"नाव असलं का ओयखू येते," बाबा म्हणाले.

"मंग? त्यासाठीच तं असते नाव!"

"हाव. पण कोनाले ओयखू येते, थे आपल्या हातात नसते."

मला वाटलं, चोरांबद्दल बोलतायत. गाडी सुटेपर्यंत त्यांनी पेटीवरचा हात काढला नाही.

तुमच्यापैकी जे गावात राहिले त्यांना पुढचं सांगायला नको. पण जे माझ्यासारखे बाहेर पडले आणि विसरल्याचं सोंग घेऊन बसले, त्यांच्यासाठी सांगतो. आमची वंशावळ मोठ्यानं वाचली तर ऐकणाऱ्याला वाटेल, कुणी गावातला केरकचरा मोजतोय. पणजोबा उकर्डा, आजोबा धोंडू, चुलते कचरू, आत्या नकोशी. ज्या घरात लेकरं जगत नाहीत, तिथं पुढच्या लेकराला असं नाव ठेवायचं, की मृत्यूनं ऐकलं तर नाक दाबून पुढच्या घरी जावं.

बाबांना मात्र हे पटत नव्हतं. जिनात चार शिकलेल्या माणसांत वावरलेले ते. पहिल्या मुलाचं नाव त्यांनी ठेवलं दौलत. दुसऱ्याचं भूपाल. तिसऱ्याचं मनोहर. तिघंही वर्षाच्या आत गेले. आमच्यात लहान लेकरांना पुरतात. वावराच्या खाली नाल्याकाठी तीन दगड उभे राहिले, आणि बाबांनी गठाणींच्याच काळ्या रंगानं, गठाणींच्याच अक्षरात, त्यांवर तीन नावं घातली. दर दिवाळीआधी ते ती उजळायचे.

चौथा मी. आईनं कुणाला विचारलं नाही. तिनं मला शेणात असं घोळवलं, की म्हणतात, गोठ्यातली म्हैस आपलंच काहीतरी चाललंय समजून दावं तोडून आली. मग सुपात घालून उकिरड्यावर ठेवलं, शेजारच्या काकूनं उचललं, आणि आईनं पसाभर कोंडा देऊन मला परत विकत घेतलं. नाव शेणफड. त्या दिवसापासून बाबांनी माझं नाव कुठं म्हणजे कुठं लिहिलं नाही. पाटीवर नाही, पितळेच्या तांब्यावर नाही. शाळेत मास्तरांनी लिहिलं, तर आठ दिवस मला दाराबाहेर पाय टाकू दिला नाही.

त्या दगडांजवळून जाताना मी श्वास धरून पळायचो. भीती ही, की ते तिघं हाक मारतील. शेणफड म्हणून नव्हे. एखाद्या चांगल्या नावानं.

आणि पुण्यात मी काय केलं? पहिल्याच दिवशी स्टोअरच्या हेडक्लार्कनं हजेरी घेतली. "शेण... काय?" अख्खं स्टोअर हसलं. नटबोल्टसुद्धा हसले, हे मी शपथेवर सांगतो. संध्याकाळी खोलीच्या मालकिणीनं नाव विचारलं, तेव्हा तोंडातून आपोआप बाहेर पडलं, "शशिकांत." हजेरीपत्रकात शेणफड आणि गल्लीत शशिकांत, असा मी दुहेरी झालो. पुढच्या रविवारी काळा रंग आणला आणि पेटीवर बापाच्या वळणाचं अक्षर काढून टाकलं: शशिकांत. फार सुंदर दिसलं. माझी बायको सुमन मेहकरकडची, जिभेची तिखट. ती म्हणायची, "लग्न शेणफडसंग लागलं अन् संसार शशिकांतचा करून राह्यली. माह्या आईले समजलं तं दोघायलेही हाकलीन!"

मुलगा झाला. राजेंद्र नाव ठेवलं, आणि माझ्या नावाखाली पेटीवर तेही रंगवलं. सहाव्या महिन्यात त्याची छाती घरघरायला लागली. इंजेक्शनं झाली, वाफारे झाले. डॉक्टर म्हणाले, "आज काही सांगता येत नाही." दुसऱ्या दिवशीही तेच म्हणाले. एक श्वास आत गेला की पुढचा येईपर्यंत सुमन माझ्याकडे बघायची आणि मी पेटीकडे. दौलत, भूपाल, मनोहर, राजेंद्र. ती यादी डोक्यात एकदा सुरू झाली ती थांबेना. आयुष्यभर थापा मारल्या, पण त्या तीन दिवसांत मला एक शब्द सुचला नाही. मी घरी तार केली: मुलगा आजारी, लगेच या.

बाबा आले. नातवाकडे न जाता दारातच उभे राहिले.

"तार कोनं केली?"

"मी, बाबा."

"खाली नाव दुसऱ्याचंच होतं."

सवयीनं मी खाली शशिकांत घातलं होतं. बाबांची नजर माझ्यावरून सरकून पेटीवर गेली, आणि ते असे मागे सरले, जणू पेटीतून साप निघाला. काळी अक्षरं, त्यांच्याच वळणाची. त्यांनी ती अक्षरं आयुष्यात दोनच ठिकाणी काढली होती, गठाणींवर आणि त्या दगडांवर.

"रॉकेल दे," ते सुमनला म्हणाले. चिंधी भिजवून राजेंद्र हे नाव त्यांनी घासून घासून पुसलं, पत्रा उघडा पडेपर्यंत. मी शशिकांतकडे बोट दाखवलं. "हे बी पुसा नं."

"नाई. थे राहू दे."

मग त्यांनी पेटीतले कपडे काढून सुमनच्या हातात दिले, पोराच्या कपाळावर अंगठा टेकवला, आणि रिकामी पेटी डोक्यावर घेतली.

"बाबा, ती कुठी नेता?"

"याले घेऊन जातो."

"कोनाले?"

बाबा तडक उंबऱ्याबाहेर पडले. चहाही घेतला नाही. ते गेल्यावर तिसऱ्या दिवशी पोराची घरघर उतरली. डॉक्टर म्हणाले, इंजेक्शनं लागू पडली. मी हाव म्हटलं. डॉक्टरांशी वाद घालू नये.

दिवाळीत गावी गेलो. पेटी घरात दिसेना. आईला विचारलं, तर तिनं नाल्याकडे मान वळवली. मी गेलो. भर दुपार होती. दगड चार होते. चौथ्यावर ताजी, काळी, विलायतेतून दिसावीत अशी अक्षरं: शशिकांत. बाबा मागे येऊन उभे राहिले होते.

"पेटी खाली हाय," ते म्हणाले. "शोधाले येनाऱ्याले काहीतरी सापडलं पाह्यजे, बाप्पा. नाई तं थो घरोघर हिंडते. आता वाचलं त्यानं. झाली त्याची गिनती." मग माझ्या खांद्यावर हात ठेवून, माझ्या आठवणीत पहिल्यांदाच, अगदी मोठ्यानं हाक मारली, "चाल घरी, शेणफड!"

पुण्याला परतून मी मालकिणीला खरं नाव सांगितलं. ती हसली. हसू दे.

आता बाबा नाहीत. दर दिवाळीआधी डबा आणि कुंचला घेऊन मी जातो. दौलत, भूपाल, मनोहर यांवर हात सरळ चालतो. चौथा मी सगळ्यात शेवटी उरकतो. आपल्याच नावाच्या दगडाला रंग देणारा माणूस अख्ख्या जिल्ह्यात मी एकटा असेन. याला थाप समजू नका. तुम्ही बाहेर गेलेले आणि गावात राहिलेले मला विचारता, आता घर कोणतं? पुण्यात माझं बिऱ्हाड आहे. घर ते, जिथं माझ्या जागी कुणीतरी पुरलेला आहे.

यंदा राजेंद्र बरोबर आला होता. पुढच्या महिन्यात वसतिगृहात चाललाय, नवी पेटी घेतलीय. दगडांवरची नावं त्यानं मोठ्यानं वाचली. मी म्हटलं, हळू.

"बाबा, शशिकांत कोण?"

"माझा भाऊ. तुझ्या लहानपणी गेला."

"अक्षर काय झकास आहे! माझ्या पेटीवर घालून द्या ना असंच नाव."

मी डब्यात पाहिलं. अर्धा भरलेला होता. झाकण घट्ट दाबलं आणि म्हणालो, "रंग संपला रे."