तिम्झरचं मागचं माप

सालेमकाकाचा हात पाण्यात असला की वाळवंटातल्या तिम्झर गावात कोणी बोलत नसे. भुयारातून चालत आलेलं पाणी गावाच्या तोंडाशी दगडात कोरलेल्या फणीसारख्या पाटांत येतं आणि तिथून ज्याच्या त्याच्या खजुरीच्या बागेकडे वळतं. कोणाचा किती वाटा हे ठरवायची वेळ आली की काका भोकं पाडलेली तांब्याची ताटली पाण्याच्या वाटेत आडवी धरी. ओल्या मातीच्या गोळीने एक भोक बुजवी, दुसरं उघडी, आणि पाणी काठाशी थरथरायचं थांबलं की उघडी भोकं मोजून मोठ्याने सांगे. सगळे वाटेकरी भोवती उभे असत. ज्यांनी पाहिलं त्यांच्या ध्यानात ते माप राही. पुढच्या खेपेला वाळू कोसळून ताटली धरता आली नाही, तरी भांडण होत नसे. काका म्हणे, "मागचं माप धरा." आणि ते धरलं जाई. मापणाऱ्याला मापता आलं नाही म्हणून एखादी बाग सुकली, असं त्या गावात कधी घडलं नव्हतं.

रेकिया या काकाच्या अंगाखांद्यावर वाढली. बाप लवकर गेला, आई त्याच्यामागून. काकाने तिला आधी अद्रारला आणि मग पार वहरानला शिकायला धाडलं. समुद्राकाठच्या त्या शहरात तिला नोकरी मिळत होती, नवराही मिळत होता. दोन्ही सोडून ती परत आली ती अद्रारच्या दूरसंचार कचेरीत, तांबड्या भिंतींच्या, पंखा कायम कुरकुरणाऱ्या खोलीत. वाळवंटातल्या गावोगावी टेलिफोनचे मनोरे, आणि प्रत्येक मनोऱ्याच्या पायथ्याशी लोखंडी कपाटात एक राऊटर. गावातून निघालेलं बोलणं, चित्र, कागद सगळं त्या राऊटरने उचलून पुढच्या राऊटरच्या हाती द्यायचं. रेकियाला त्या मुलखातला एकूण एक राऊटर त्याच्या खोडीसकट ठाऊक होता. हात लावून पाहिल्याशिवाय ती कशालाही 'ठीक आहे' म्हणायची नाही. कचेरीतले लोक काकावरून तिला माघारी 'पाणीवाली' म्हणत, आणि तिला ते आवडत असे.

त्या वर्षी राजधानीतून हुकूम आला. आता प्रत्येक लाइन मोजली जाईल. रीत सोपी होती. एका राऊटरने दुसऱ्याला हाक मारायची, ओ यायला किती वेळ लागला आणि किती हाका वाटेत हरवल्या, हे टिपून राजधानीला कळवायचं. ज्या लाइनचं माप वाईट, ती यंदा आधी दुरुस्त होणार. पण हाका मारायची ही विद्या प्रत्येक राऊटरला येत नाही. ती त्याच्या आतल्या सॉफ्टवेअरवर असते. जुन्या आवृत्तीला येत नाही, नव्या आवृत्तीला येते, आणि मधल्यांचं काही सांगता येत नाही. कुठल्या राऊटरमध्ये कुठली आवृत्ती आहे आणि तिला मोजता येतं की नाही, हे तपासून कळवायचं काम रेकियाकडे आलं.

तिला आनंद झाला. कारण तिम्झरची लाइन आजारी होती, आणि आजवर ते कोणाला दाखवता येत नव्हतं. उन्हं डोक्यावर आली की तिथलं कपाट तापे आणि निम्म्या हाका वाटेतच विरून जात. लाइन तुटत मात्र नसे. राजधानीच्या पडद्यावर तिम्झरचा दिवा हिरवाच दिसे. सालेमकाकाचं काळीज आता थकलं होतं. गावच्या दवाखान्यातली नर्स फतना त्याच्या छातीला तारा लावी आणि काळजाच्या ठोक्यांची रेघ त्याच लाइनवरून अद्रारच्या डॉक्टरकडे पाठवी. सकाळी पाठवली तर पोचे. दुपारी पाठवली तर अर्ध्यात अडके. आणि काकाला कळ यायची ती बहुतेक दुपारीच.

दोन उन्हाळ्यांमागे रेकियाने ती लाइन स्वतः हाताने मोजली होती. लॅपटॉप मांडीवर घेऊन ती कपाटाच्या सावलीत बसली. भोवती गावचे म्हातारे कोंडाळं करून उभे राहिले, पाण्याच्या मापाला राहतात तसेच. हरवलेली प्रत्येक हाक ती मोठ्याने सांगत होती. त्यांच्यातले हाज तय्यब मागून म्हणाले होते, "अगं, ही लाइन आहे की माझा जावई? दहादा हाक मारावी तेव्हा पाचदा ओ देते." ते आकडे तिने राजधानीला पाठवले होते. पोच आली होती. पुढे काही झालं नव्हतं.

आता ती कामाला लागली. एकेका राऊटरमध्ये शिरून आवृत्ती पाहायची, बनवणाऱ्या कंपनीच्या तक्त्याशी ताडायची, आणि वर मोजण्याची आज्ञा देऊन खात्री करायची. बहुतेक गावांचं जमून गेलं. तिम्झरच्या राऊटरने आज्ञा ऐकली आणि 'असली आज्ञा मला ठाऊक नाही' एवढंच उत्तर दिलं. त्याची आवृत्ती फार जुनी होती. ज्या आवृत्तीला मोजता येत होतं, ती त्याच्या पोटात मावत नव्हती. कंपनीने तर तो राऊटरच केव्हाचा वाऱ्यावर सोडला होता.

एक मधली आवृत्ती होती. ती मावत होती, आणि तक्त्यात तिच्यापुढे 'मोजता येतं' अशी खूणही होती. कोठीत तसाच एक जुना राऊटर पडून होता. रेकियाने तो टेबलावर आणून त्याच्यात ती आवृत्ती घातली. कद्दूर चहाचा पेला घेऊन शेजारी येऊन उभा राहिला. तो तिच्याच खोलीतला, तोंडाचा सैल आणि मनाचा चांगला.

राऊटरने आज्ञा घेतली. माप आलं. हरवलेल्या हाका शून्य.

"घे, झालं तुझं तिम्झर," कद्दूर म्हणाला. "मिठाई काढ."

रेकियाने हात लांबवून राऊटरला जोडलेली लाइनची वायरच उपटली. माप आलं. हरवलेल्या हाका शून्य.

कद्दूर पेला तोंडाशी नेता नेता थांबला. "वायर नाही, समोर कोणी नाही, तरी म्हणतो सगळं उत्तम? हा तर आपल्या मोठ्या साहेबाचा सख्खा भाऊ निघाला."

"कंपनीच्या तक्त्यात खूण आहे."

"मग तूही कर खूण. तुझं काय जातंय?"

"हा डबा तिम्झरमध्ये बसून वर्षभर सगळं ठीक आहे म्हणत बसेल. काका मरून पडला तरी ठीकच म्हणेल."

"बरं बाई, मग 'नाही' लिही."

"'नाही' लिहिलं तर गाव मोजण्यातूनच गळणार. जे मोजलं नाही ते दुरुस्त कोण करतंय?"

कद्दूरने पेला खाली ठेवला. "म्हणजे हो म्हटलं तरी मेलं, नाही म्हटलं तरी मेलं. अशा वेळी माझी बायको माहेरी जाते."

रेकिया हसली नाही. तिने पडद्यावर राजधानीला पाठवायचा तक्ता उघडला. तक्त्याच्या शेवटी शेऱ्याचा एक रकाना होता. तिथे बहुतेक जण काही लिहीत नसत. तिला काकाचा ओला हात आठवला. जे खरं, ते लिहावं. तिने लिहिलं, "या राऊटरला मोजता येत नाही. मागचं माप धरावं."

लिहून तिला बरं वाटलं. आपण वावगं काही केलं असं तिच्या मनालाही शिवलं नाही. मागचं माप म्हणजे दोन उन्हाळ्यांमागचं, सगळ्या गावादेखत घेतलेलं. ते वाईटच होतं. तिम्झरचा नंबर लागणार.

उन्हाळ्याच्या तोंडावर यादी आली. रेकियाने खालून वाचायला सुरुवात केली, कारण वाईट मापं खाली होती. तिम्झर खाली नव्हतं. मधेही नव्हतं. ते सगळ्यांच्या वर होतं. सबंध मुलखातली उत्तम लाइन. दुरुस्तीची गरज नाही.

तिने राजधानीला फोन लावला. पलीकडे नज़ीम नावाचा अधिकारी होता. आवाजावरून तरुण, बोलणं गोड.

"मॅडम, तुम्हीच शेरा लिहिला होता. तो आम्ही शब्दशः पाळला. मागचं माप धरलं."

"कुठलं मागचं?"

"आमच्याकडे एकच आहे. लाइन पहिल्यांदा सुरू झाली त्या दिवसाचं, बसवणाऱ्यांच्या यंत्राने पाठवलेलं. फार सुंदर माप आहे."

रेकियाला तो दिवस आठवला. कपाट कोरं, तारा नव्या, हिवाळ्याची सकाळ, आणि गावात कोणी फोन घेतलेला नाही. "त्यानंतर मी मोजलंय," ती म्हणाली. "हाताने. आकडे पाठवलेत."

"हाताचं माप प्रणालीत चढत नाही, मॅडम. यंत्राने स्वतः पाठवलेलं हवं."

"त्या राऊटरला मोजताच येत नाही. म्हणून तर शेरा लिहिला."

"मग लाइन वाईट आहे हे आपल्याला कशावरून कळलं?"

"मी पाहिलंय. सगळ्या गावाने पाहिलंय."

तो खरोखरच्या कळवळ्याने म्हणाला, "मला तुमचं पटतं, मॅडम. पण पटलेलं चढवायला इथे जागा नाही. नवा राऊटर मागा."

"मागितला. वाईट माप जोडा म्हणाले."

"हो," नज़ीम म्हणाला. "तसाच नियम आहे."

आठवड्याच्या सुटीला ती तिम्झरला गेली. काका अंगणात चटईवर पडला होता. आदल्या दुपारी त्याला पुन्हा कळ आली होती, फतनाने तारा लावल्या होत्या, आणि रेघ अर्ध्यात अडकली होती. फतना म्हणाली, "डॉक्टरने अर्धी रेघ पाहिली. म्हणाला, एवढ्यावरून काही सांगता येत नाही. मी बटण दाबत राहिले, ताई. दुसरं काय करणार? उन्हं उतरल्यावर गेली सगळी. तोवर कळ थांबलेली."

काकाने रेकियाला जवळ बसवलं. तिने सगळं सांगितलं, आपला शेराही लपवला नाही. काका ऐकत राहिला. मग म्हणाला, "बरोबरच लिहिलंस की. मीही तेच लिहिलं असतं."

"तिथे ते चालत नाही, काका."

"का नाही चालत? माप झालं तेव्हा माणसं उभी होती."

तो कोपरावर रेटा देऊन उठला आणि त्याने शेजारच्या पोरीला निरोप देऊन मशिदीकडे पिटाळलं. थोड्या वेळाने म्हातारे एकेक करून आले. कोणी पांढरा फेटा नव्याने बांधला होता, कोणी लग्नाकार्याचा झगा चढवला होता. हाज तय्यबांनी डोळ्यांत सुरमाही घातला होता. चटईवर दाटीवाटीने सगळे बसले. रेकियाने चहा ओतला. मधे खजुराचं ताट होतं, त्याला कोणी हात लावला नाही.

"पोरी," हाज तय्यब म्हणाले, "सालेमने निरोपात सांगितलंय सगळं. ते म्हणतात माप झालं नाही, असंच ना? मग आम्ही मेलो होतो काय तिथे?"

"मी तर तुझ्या शेजारीच होतो," दुसरा म्हणाला. "उन्हाने माझी टाळू भाजली होती. आठवतंय ना?"

"आठवतं, बाबा."

"मग झालं. निम्म्या हाका गेल्या. आम्ही ऐकल्या. कुराणावर हात ठेवून सांगू."

"राजधानी लांब आहे," तिसरा म्हणाला.

"असू दे लांब. माझा पुतण्या ट्रक घेऊन जातो. मागे गाद्या टाकू." हाज तय्यब पुढे सरकले. त्यांचा चेहरा उजळला होता. पाण्याच्या भांडणात साक्ष द्यायला ते निघत तेव्हा तो असाच उजळे. "तू फक्त एवढं सांग, पोरी. तिथे पोचल्यावर कुठे उभं राहायचं? कोणासमोर?"

सगळे तिच्याकडे बघू लागले. काकाही.

तिने नज़ीमच्या गोड आवाजाला मनातल्या मनात एक खोली, एक दार, एक उंबरठा देऊन पाहिला. तिला काहीच दिसेना. तिने चहाची किटली उचलली. पेले भरलेलेच होते.

"सांग की," काका हळूच म्हणाला. "हे कपडे करून आलेत."